दिवा लागला होता

काहीतरी जळत होतं. त्याने आधी वायरकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या प्लगकडे, मग उगाचच खिडकीबाहेर, कारण समोरच्या इमारतीतली बाई कधीमधी दुपारी कागद जाळते आणि तो वास इकडे येतो. पण हा कागदाचा वास नव्हता. प्लॅस्टिकचाही नव्हता, प्लॅस्टिक जळलं की घशाला झोंबतं. केस जळाल्यासारखा, जरा गोडसर असा हा वास होता. तो नाक वर करून हुंगत राहिला आणि मग त्याची नजर खाली गेली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने त्याने एलईडीचा लांब पाय दाबून धरला होता आणि सोल्डरिंग गनचं टोक त्या पायावर नव्हतं, बोटावर होतं. निवांत टेकलं होतं. त्याने हात झटकला, तोही दिसलं म्हणून. दुखलं नव्हतं. बोटावर पांढरा खड्डा पडला होता. भाजल्यावर फुंकर मारतात म्हणून त्याने फुंकर मारली. तीही बोटाला समजली नाही.

"काय जळतंय रे?" आतल्या खोलीतून ताईने विचारलं. तिचं लाकूड कापायचं यंत्र थांबलं होतं.

"वायर."

"वायरीचा वास मला कळतो. खिडकी उघड नीट."

त्याने खिडकी उघडली. यंत्र पुन्हा सुरू झालं. त्याने बोटाला चिकटपट्टी गुंडाळली, काळी, वायरींना गुंडाळतात तीच. तो घाबरला होता. चाळिशी उलटलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस, स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा बघत खुर्चीत बसला होता.

ताई आणि तो खेळाच्या पेट्या बनवत. पडद्यावरच्या मारामारीच्या खेळांत ज्यांचा जीव अडकलेला असतो, त्यांना दुकानातले तयार कंट्रोलर चालत नाहीत. कुणाचे हात मोठे, कुणाची करंगळी आखूड, कुणाला जॉयस्टिकची दांडी डावीकडे हवी, कुणाला उजवीकडे. ताई लाकडाची पेटी बनवायची, वरच्या पाटीवर हवं ते चित्र बसवायची. दांडी, बटणं, आतल्या वायरी हे खातं त्याचं. गिऱ्हाइकं त्याला बटणमास्तर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं, जरी तो "काहीतरीच" म्हणायचा. बटण म्हणजे वरून पाहिलं तर रंगीत टिकली. पण ते किती खोल गेल्यावर आतला चाप टक् म्हणतो, सोडल्यावर किती घाईने वर येतो, चापातली स्प्रिंग ताजी आहे की कंटाळलेली, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. नवीन मालाच्या पिशवीत हात घालून तो नासकी बटणं बाजूला काढायचा, बायका भाजी निवडतात तशी. लोक थक्क व्हायचे. ताई म्हणायची, शिकला असतास तर डॉक्टर झाला असतास, नाडी बघून रोग सांगितले असतेस. आता या गोष्टीचं त्याला हसूही येईना.

कधीपासून? त्याने हा प्रश्न आजवर स्वतःला नीट विचारलाच नव्हता. हिवाळ्यात खिशातलं नाणं आणि खिशातलंच सुटं बटण यांत बोटांना फरक कळेना, तेव्हा त्याने थंडीला दोष दिला. मग शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला. बटणमास्तरला शर्टाची बटणं लागेनात, यावर तो आरशासमोर एकटाच हसलासुद्धा होता. त्यानंतर एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेला आणि दुकानदार म्हणाला, साहेब, एकच चप्पल घालायची फॅशन आली का? दुसरी चप्पल मागे रस्त्यात पडली होती आणि पायाने त्याला कळवलंही नव्हतं. तो परत जाऊन चप्पल घेऊन आला. हसत आला, बंद ढिला झालाय म्हणाला. बंद घट्ट होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

आणि याच सुमाराला त्याला दिवे आवडायला लागले. पूर्वी कुणी गिऱ्हाईक म्हणालं, बटणांत लाइट टाकून द्या, तर तो नाक मुरडायचा. खेळायचंय की सर्कस लावायचीय, असं तोंडावर म्हणायचा. मग हळूहळू तोच म्हणू लागला, अहो लाइट घ्याच, पारदर्शक बटण, खाली एलईडी, दाबलं की पेटेल, सोडलं की विझेल, काय शोभा येते. ताई आश्चर्याने बघायची. "तुझ्यात कोण शिरलंय? परवापर्यंत दिव्यांच्या नावाने बोटं मोडत होतास." तो म्हणायचा, काळाबरोबर चालावं लागतं. खरं कारण त्याने शब्दांत मांडलं नव्हतं, पण ते त्याला माहीत होतं. बटण दाबलं गेलं की नाही ते बोट सांगेना, दिवा सांगायचा. निळा, लाल, पिवळा. पेटला की पुढच्या बटणाकडे जायचं. काम पूर्वीपेक्षा देखणं दिसत होतं आणि आत कुठेतरी त्याला सारखं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चाललोय.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या बटणांत तेव्हा बारीक पिवळे बल्ब असत, आणि बाबांच्या पिशवीत ते कापसात गुंडाळलेले असायचे. बटण पेटलं की लोकांना हायसं वाटतं, बाबा सांगायचे, पण दिवा लागला म्हणजे लिफ्ट निघाली असं नाही रे, दिव्याची वायर निराळी आणि लिफ्टची निराळी. लोक पेटलेल्या बटणासमोर ताटकळत उभे राहायचे आणि लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली असायची. बाबांना साखरेचा आजार होता. नंतर नंतर त्यांच्या हातून कप पडायचे, आणि घरात त्याची थट्टा व्हायची. बाबांना बशीतच द्या, बशी पसरट असते. तेही हसायचे. पाय दुखतात का, विचारलं तर म्हणायचे, छे, मला काही होत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच काही होत नव्हतं. गरम पाण्याची पिशवी रात्रभर पायाशी राहिली, पाय शिजला, आणि त्यावर मोजा चढवून ते आठवडाभर लिफ्टी दुरुस्त करत हिंडले. शेवटी वास आला म्हणून ताईने मोजा उतरवला. तो मोजा नुसता मोजा म्हणून उतरला नाही. तो स्वतः तेव्हा दाराशी उभा होता. त्याला पाय दिसला नाही, ताईचा चेहरा दिसला, आणि तिने मान न वळवता त्याला सांगितलं, तू बाहेर जा. तो बाहेर गेला. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. पुढची दोन वर्षं ताईने बाबांचं सगळं केलं, तिचं लग्न त्या दोन वर्षांत ठरता ठरता राहिलं, आणि पुढे ठरलं तेही फारसं टिकलं नाही. या सगळ्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. म्हणूनच तिला सांगायचं कसं? वायर जळली, हे सोपं होतं.

दारावरची घंटा वाजली आणि खार आत आली. हे नाव ताईने ठेवलेलं. ही पोरगी एका जागी बसत नाही, कॉलेजात असेल नसेल, पण पडद्यावर तिची बोटं अशी पळतात की समोरच्याला घाम फुटतो. एरवी येताना ती जिन्यापासून बडबडत यायची. आज गप्प होती. तिने पेटी टेबलावर ठेवली. महिनाभरापूर्वी त्यानेच बनवलेली पेटी, पारदर्शक बटणं, हिरवे दिवे.

"काका, दिवा लागतो," ती म्हणाली. "मार लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? हे तिसरं बटण. दाबलं की हिरवा होतो. पण पडद्यावर माझा माणूस हात बांधून उभा. स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत. मी दाबतेय, दाबतेय, आणि तो मार खातोय."

"तू पंचांना सांगायचंस की लगेच."

"सांगितलं ना. पंच म्हणाले, आम्हाला दिवा दिसला. दिवा लागतोय म्हणजे पेटी ठीक आहे, तूच उशिरा दाबलंस. सगळ्यांनी बघितला दिवा, काका. समोरच्या रांगेतल्या लोकांनीसुद्धा. आता आमचा कप्तान म्हणतो, ऐन वेळी तुझी फाटते, तुला संघात ठेवून उपयोग नाही." तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला राग आला. "मी दाबलं होतं. मला माहितीये ना मी दाबलं होतं."

त्याने पेटी उलटी केली, खालची पाटी काढली. आत वायरींचा नीट बांधलेला गुच्छ होता, बघणाऱ्याने वाहवा म्हणावं असा. प्रत्येक बटणाच्या पोटातून दोन वाटा निघतात. एक दिव्याकडे, एक खेळाच्या बोर्डाकडे. त्याने तिसऱ्या बटणाची बोर्डाकडे जाणारी वायर चिमटीत धरून जरा ओढली. ती हातात आली. पुरती बसलेलीच नव्हती. पत्र्याच्या पायावर ती सरकवताना शेवटी एक बारीकसा चावा लागतो, तो लागला की समजायचं बसली. वरून प्लॅस्टिकची टोपी असते, आत काय आहे ते डोळ्याला दिसत नाही, आणि अर्धवट बसलेली वायर टेबलावरच्या चाचणीत बिनबोभाट पास होते. नापास होते ती पेटी मांडीवर हिंदकळल्यावर. म्हणून प्रत्येक वायर ओढून बघायची. हा त्याचा स्वतःचा नियम होता, आणि तो त्याने मोडला नव्हता. महिन्यापूर्वी त्याने ही वायर ओढली होती. पण चावा लागला की नाही हे त्याला त्या दिवशी कळलंच नव्हतं, आणि मग त्याने बटण दाबलं होतं, आणि दिवा लागला होता.

"प्रवासात हलली असेल," तो म्हणाला.

"मी मांडीवर घेऊन गेले होते, काका. तान्ह्या पोराला नेतात तशी."

तिने त्याच्या बोटावरच्या काळ्या पट्टीकडे पाहिलं, पण तिच्या डोक्यात तिचंच दुःख होतं. "एक काम करा," ती म्हणाली. "दिवे काढून टाका सगळे. मला नकोत. माझं मला कळतं मी दाबलंय ते. लोकांना दाखवायला दिवे कशाला हवेत? संध्याकाळी नेते."

ती गेल्यावर तो पेटीसमोर बसला. दिवे काढणं पोराटोरांचं काम. बटणाची खालची टोपी फिरवायची, एलईडी चिमट्याने ओढायचा, त्याच्या दोन वायरी कापून बांधून टाकायच्या, बटण पुन्हा बसवायचं. त्याने एकामागून एक दिवे काढले. टेबलावर त्यांचा लहानसा ढीग झाला, विझलेला, पाय वर केलेला. आणि आता खेळाच्या वायरी पुन्हा बसवायच्या होत्या. त्याने पहिली सरकवली आणि थांबला. बसली? त्याने ओढून पाहिली. खांद्याला कळलं की आपण काहीतरी ओढतोय, कोपराला कळलं, मनगटाला कळलं, आणि मनगटाच्या पुढे कुणी घरी नव्हतं. त्याने डोळे मिटले, पूर्वी मिटायचा तसे. पूर्वी डोळे मिटले की पेटीच्या आतली खोली उजळायची, वायर न् वायर दिसायची. आता नुसतं मिटल्यासारखं झालं. त्याने पट्टी काढून टाकली, भाजलेल्या बोटाने काय होतंय ते पाहिलं, दुसऱ्या हाताने पाहिलं, करंगळीने पाहिलं. करंगळीला थोडंसं काहीतरी वाटलं, पण ते खरं होतं की त्याची इच्छा, हे ठरवता येईना. घामाने चष्मा घसरला. त्याला खारीचा चिरकलेला आवाज ऐकू येत राहिला. पोरीचं बोट खरं बोलत होतं आणि त्याने लावलेल्या दिव्याने तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्याला स्वतःची किळस आली.

त्याने फोन उचलला आणि तिच्या कप्तानाला लावला. हा कप्तान म्हणजे एक उद्धट, हुशार मुलगा, त्याच्याकडून आधी दोन पेट्या घेऊन गेलेला.

"बोला मास्तर."

"खारीने बटण दाबलं होतं. माझी वायर नीट बसली नव्हती. चूक माझी."

"नक्की? दिवा लागत होता, मास्तर. मी स्वतः बघितला."

"दिवा लागत होता. दिव्याची वायर ठीक होती. पोरीला काढू नकोस."

"बरं. तुम्ही म्हणता म्हणजे..." तो जरा घुटमळला. "पण तुम्ही तर प्रत्येक वायर ओढून बघता ना? सगळीकडे सांगत असता."

"बघितली होती."

"मग?"

पंचांना कळवतो, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. आतलं यंत्र बंद होतं. ते कधी बंद झालं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग त्याने वायर ओठांना लावून पाहिली. हे त्याला कसं सुचलं कोण जाणे, लहान मुलं वस्तू तोंडात घालतात तसंच काहीसं. ओठाला ती गार लागली. लागली! त्याला इतका आनंद झाला की त्याने तिला दुसऱ्यांदा ओठ लावला. तो पेटीत वाकला, वायर दातांत धरली आणि हलकेच ओढली. ती हलली नाही. दातांना कळलं, हिरडीला कळलं, पार कानामागे कळलं, की ही बसलेली आहे. दुसरी धरली. तीही बसलेली. तिसरी सुटून आली, त्याने ती पुन्हा सरकवली, हाताच्या बोटाने दाबली, दातांनी तपासली, पुन्हा दाबली, आणि शेवटी तो चावा दातांना लागला. टक्. त्याने डोळे मिटून घेतले. अजून आपलं काहीतरी शिल्लक आहे. दातांनी करू. दार लावून घेत जाऊ काम करताना, ताईला सांगू की नजर कमी झाली म्हणून जवळून बघतो. दात किती वर्षं टिकतात? बाबांचे दात शेवटपर्यंत होते. त्याचं डोकं असं भराभर हिशेब करत सुटलं, गळकं छप्पर माणूस ताडपत्रीने झाकत सुटतो तसं, आणि तोंड पेटीत खुपसलेलं असल्यामुळे त्याला पावलांचा आवाज आला नाही.

"पेटी खातोयस का?"

तो दचकून वर आला. ताई दारात उभी होती, केसांवर भुसा, एप्रनला चित्राचे कागद टाचायच्या टाचण्या खोचलेल्या. ती हसत होती, पण अर्धीच.

"जवळून बघत होतो. चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं."

"दातांनी?"

"हात गुंतले होते."

"फोन ऐकला मी," ती म्हणाली. "वायर बसली नव्हती म्हणे. तुझी. वायर. बसली नव्हती." ती पुढे आली, आणि टेबलावरचा दिव्यांचा ढीग बाजूला सारून तिने त्याचा डावा हात धरला. तो मागे घेणार होता, पण ताईने धरलेला हात लहानपणापासून कधी सुटला नव्हता. तिने हात उताणा केला. बोटावरचा खड्डा आता कडेने तपकिरी झाला होता. तिने तो पाहिला. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त हलायचा थांबला.

"हे कधी?"

"दुपारी."

"वायर जळली म्हणालास."

"हो."

"दुखलं?"

त्याने उजव्या हाताने ढिगातला एक दिवा उचलला.

"अरे, दुखलं का विचारतेय!"

"नाही गं," तो म्हणाला. "मला काही होत नाही." आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे वाक्य या घरात कुणाचं आहे. ताईलाही कळलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. त्याला वाटलं आता ही रडेल, आरडाओरडा करेल, डॉक्टर, तपासण्या, इतके दिवस बोलला का नाहीस मुडद्या. तिने एप्रनमधून एक टाचणी काढली.

"डोळे मीट."

"ताई, उद्या जाऊ ना डॉक्टरकडे. सकाळीच जाऊ."

"जाऊच. मीट म्हणते ना. आणि बघायचं नाही. टोचलं की सांगायचं."

त्याने डोळे मिटले. तिने त्याचं मनगट घट्ट पकडलं. तिचा तळवा खरखरीत होता, त्यावर भुशाचे कण होते, ते त्याला स्वच्छ कळत होतं, आणि ते कळतंय याचंच त्याला बरं वाटलं. अंदाजाने 'हो' म्हणावं असं एकदा मनात आलं. मधे थोडं थांबून, दोनतीनदा हो म्हटलं तर निभावलंही असतं. पण या बाईसमोर नको. आज एक तरी गोष्ट खरी होऊ दे. तो वाट बघत बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. जिन्यात कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या. ताईचा श्वास त्याला ऐकू येत होता, जरा जड, नाकातून. तिला धीर होत नसेल, त्याला वाटलं. लहानपणी त्याच्या पायातला काटासुद्धा तिला काढवायचा नाही, आधी तीच डोळे मिटायची.

"टोच की," तो म्हणाला. "मी काही ओरडत नाही."

तिची पकड आणखी घट्ट झाली, आता मनगट दुखायला लागलं.

"ताई? अगं किती वेळ लावतेस? टोच ना."

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पाचही बोटं झाली रे."